नाक्यावरच्या रोजच्या नोंदींनाही जागा द्या

महोदय,

इस्रायलच्या ताब्यातील पॅलेस्टिनी प्रदेशात, म्हणजे वेस्ट बँकमध्ये, असलेल्या इस्रायली लष्कराच्या तपासणी नाक्यांची नावे आपल्या वृत्तपत्रांत येतात ती बहुधा तिथे गोळीबार झाला, कोणी दगावले तरच. एरवी तिथे रोज जे घडते ते बातमी ठरत नाही. हे रोजचे टिपून ठेवण्यासाठी काही माणसे गेली दोन दशके आणि त्याहून अधिक काळ पहाटे उठून त्या नाक्यांवर जाऊन उभी राहत आली आहेत. त्यांच्या कामाची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेला असताना, 2001 च्या सुरुवातीला, काही इस्रायली स्त्रियांनी 'माखसोम वॉच' ही संघटना सुरू केली. 'माखसोम' म्हणजे हिब्रूत नाका. संघटना केवळ स्त्रियांची, आणि त्यांतल्या कित्येकजणी सैनिकांच्या आई-आजीच्या वयाच्या. दोघी-तिघींनी मिळून कलंदिया, हुवारा, बैत इबा अशा नाक्यांवर जायचे. किती मार्गिका उघड्या आहेत, रुग्णवाहिका किती वेळ अडली, कोणाला कोणते कारण सांगून परत पाठवले, विशीतला सैनिक वडीलधाऱ्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलला, हे सारे वहीत उतरवायचे आणि घरी येऊन अहवाल लिहून सर्वांसाठी खुला करायचा, एवढेच त्यांचे काम. नाका म्हटले की आपल्याला जकातीसाठी खोळंबलेले ट्रक आठवतात. इथे मात्र माल नव्हे, माणसे खोळंबतात.

बेथलेहेमजवळच्या 300 क्रमांकाच्या नाक्यावर चर्चच्या जागतिक परिषदेने 2002 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमाचे परदेशी स्वयंसेवक उभे राहत. तिथे पहाटे चारच्या सुमारासच लोखंडी गजांच्या अरुंद बोळात इस्रायलमध्ये कामाला जाणारे पॅलेस्टिनी मजूर एकमेकांना खेटून उभे असत. पुढचे फिरते दार आतल्या सैनिकाच्या बटणावर चाले. स्वयंसेवकाच्या मुठीत मोजणीचे छोटे यंत्र असे, आणि दारातून एक माणूस गेला की त्याची एक टिकटिक होई. दार थांबले की टिकटिकही थांबे, आणि ती किती मिनिटे थांबली याची नोंद होई.

असल्या नोंदींना काय किंमत, असे कोणी विचारील. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे 27 वे कलम व्याप्त प्रदेशातील नागरिकांना केवळ हिंसेपासून नव्हे, तर अपमानापासून आणि चारचौघांत तमाशा होण्यापासूनही संरक्षण देते. मारहाणीचे वळ डॉक्टर दाखवू शकतो. अपमानाला मात्र पाहणारा साक्षीदारच लागतो. नोव्हेंबर 2004 मध्ये बैत इबा नाक्यावर एका पॅलेस्टिनी तरुणाने सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवले, ते माखसोम वॉचच्या एका स्वयंसेविकेने चित्रित केले. सैनिकांनी वाजवायला लावले, असे तो म्हणाला. त्याने आपण होऊन वाजवले, असा निष्कर्ष लष्कराच्या चौकशीने काढला. चित्रफीत होती म्हणून निदान वाद तरी झाला, आणि नाझी छळछावण्यांत वाजवायला लावलेल्या ज्यू वादकांची आठवण जागी असलेला इस्रायली समाज हलला. पण त्याच स्त्रियांनी व्हायोलिन नसलेल्या रांगांचे जे असंख्य अहवाल लिहिले, ते कोणाच्या पहिल्या पानावर आले?

याउलट उदाहरण वेस्ट बँकमधल्याच हेब्रॉन शहराचे आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये तिथल्या इब्राहिमी मशिदीत एका इस्रायली वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्यानंतर आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक नेमण्यात आले. त्याचे अहवाल गोपनीय असत. ते इस्रायली आणि पॅलेस्टिनी या दोन्ही पक्षांना आणि पथकात माणसे पाठवणाऱ्या देशांना मिळत, जनतेला नाही. जानेवारी 2019 मध्ये इस्रायलच्या नेतान्याहू सरकारने पथकाला मुदतवाढ नाकारली आणि ते गेले. सरकारी कपाटात राहणाऱ्या साक्षीपेक्षा चार निवृत्त बायकांनी उघडपणे मांडलेली साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

नाक्यांवर सैनिकांवरही हल्ले झाले आहेत, आणि दुसऱ्या इंतिफाद्यातल्या आत्मघाती बाँबस्फोटांच्या काळात नाके का वाढले हे इस्रायली नागरिकाला सांगावे लागत नाही, हे मी नाकारत नाही. निरीक्षकांच्या नुसत्या उभे राहण्याने नाक्याला सभ्यतेचा मुलामा मिळतो, ही टीकाही पोकळ नाही. कलंदियात 2019 मध्ये नवी इमारत आणि चेहरा ओळखणारी यंत्रे आल्यावर रांग कमी झाली, पलीकडे जाण्यासाठी लागणाऱ्या इस्रायली परवान्याची सक्ती मात्र तशीच राहिली.

ऑक्टोबर 2023 मध्ये हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर वेस्ट बँकमधल्या बहुतेक मजुरांचे इस्रायलमधील कामाचे परवानेच स्थगित झाले. त्यांच्या रिकाम्या जागांसाठी भारतातून बांधकाम मजूर नेण्यात आले. त्या भरतीच्या बातम्यांत पगाराचे आकडे ठळक होते, जागा का रिकाम्या झाल्या हे क्वचितच. दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या मानवीय कार्यालयाने 2025 च्या सुरुवातीला वेस्ट बँकमध्ये नाके, फाटके, मातीचे ढिगारे मिळून 849 अडथळे मोजले. त्यांतल्या अनेक ठिकाणी गावाच्या तोंडाशी नुसते कुलूपबंद लोखंडी फाटक असते; वागणूक टिपायला समोर सैनिकही नसतो.

आपल्या आंतरराष्ट्रीय पानावर अधूनमधून अशा एखाद्या अहवालाचा मराठी अनुवाद, सैनिकांच्या बाजूसह, छापावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे