शनिवारी रात्री कायदा उघडला

प्रिय बंड्या,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय तेही अडचणीत सापडलो म्हणून. राग धर, पण आधी वाच. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

चिन्मयने रॉकेटची मोटर बनवली, म्हणजे रॉकेटला ढकलणारी इंधनाची नळी. आपलीच, सोरा-साखरेची. वीतभर नळी आणि लेथवर स्वतः कातलेलं नॉझल, झोत सुटायचं तोंड. उडवायची नाही, शेतात लोखंडी चौकटीला आवळून नुसता जोर मोजायचा, असं ठरलं होतं. रविवारी बत्ती द्यायची. शनिवारी रात्री मी १८८४ चा स्फोटक कायदा उघडला. फटाके, फ्यूज, काडतुसं यांच्या रांगेत ‘रॉकेट’ सरळ लिहिलंय रे! विनापरवाना बनवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उडवलं तर नव्हे, बनवलं तर. म्हणजे पोरगा आधीच अडकलेला, आणि त्याला सामान आणून देणारा मी.

दहावीच्या सुट्टीत आपण अशीच मोटर बनवली तेव्हा तू म्हणाला होतास, कुणाला तरी विचारू. मी तुला भित्रा म्हटलं आणि दोन आठवडे आपण बोललो नाही. तू बरोबर होतास, हे आज लेखी घे.

त्या कायद्याखालचे २००८ चे नियमही वाचले. कारखाना, गोदाम, वाहतूक, दुकान यांचा विचार करून लिहिलेत. सोळा वर्षांचा मुलगा आणि एक मोटर, हे चित्र त्यात कुठेच नाही. तुमच्या अमेरिकेत १२५ ग्रॅमपर्यंत इंधनाचं छोटं रॉकेट विमान-खात्याला न विचारता उडतं. अमोनियम परक्लोरेटचं इंधन तर हौशी लोकांनी नऊ वर्षं कोर्टात भांडून २००९ मध्ये स्फोटकांच्या यादीतून काढायला लावलं. आपल्याकडे असं भांडायला चार माणसं तरी जमतील का?

रविवारी बत्तीऐवजी आम्ही इंधन बादलीभर पाण्यात विरघळवलं. चिन्मय शेवटपर्यंत काठीने ढवळत होता, एक शब्द बोलला नाही. नॉझल पुसून खिशात घातलं आणि गेला. आता हा लपूनछपून करेल, आपण केलं तसं, ही धास्ती मला झोपू देत नाही. आपली बोटं शाबूत राहिली ती नशिबाने.

नव्या घराचं कळलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

स्फोटकांचे परवाने देणाऱ्या खात्याचं मुख्य कार्यालय इथेच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर. ज्या उतारावर तुझ्या सायकलची चेन हमखास पडायची, तिथेच. सोमवारी चिन्मयला घेऊन जातोय. तुमच्या रॉकेट-क्लबने कोर्टात काय मांडलं ते त्याआधी पाठव. त्याने अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलाय.

तुझा,
वश्या