बिशप (कॅलिफोर्निया) सहल : या शनिवार-रविवारची सूचना

मंडळी, शनिवारी पहाटे साडेपाचला गाड्या सुटतील. पायवाट जिथून सुरू होते, तो साउथ लेक तळ्याचा वाहनतळ लवकर भरतो. उशीर झाला तर खालून डांबरी रस्ता तुडवत यावं लागेल. बिशप गाव सुमारे ४,१५० फुटांवर, पायवाटेची सुरुवात मात्र ९,८०० फुटांवर. कळसूबाईपेक्षा कितीतरी वर! त्यामुळे लाँग लेकपर्यंतच्या बेताच्या चढावरही दम लागतो. डोकं दुखू लागलं तर लगेच सांगा, बढाया नकोत. दुपारी विजांचा धोका असतो, म्हणून बाराला माघारी फिरायचंच. थालीपीठ, लोणचं, वासाचं काहीही गाडीत ठेवू नका. अस्वलं काचा फोडतात.

रविवारी बटरमिल्कच्या वाळवंटी टेकड्या. सावली नाही, प्रत्येकी तीन लिटर पाणी हवंच.