गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलेलं पत्र

म्हापसा, २ नोव्हेंबर २०२५, रात्री साडेअकरा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र गोळ्यांच्या डब्याखाली ठेवतेय, कारण बाबा सकाळी सातला तो डबा उघडणार म्हणजे उघडणारच आणि तोवर मी मोपाच्या विमानतळावर पोचलेली असेन. आठ दिवस घरी होते, रोज ठरवायचे आज जेवणं झाली की सांगते, मग आई सोलकढीची वाटी पुढं सरकवायची आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटायचा नाही. काल रात्री बाल्कांवात बाबांच्या शेजारी येऊन बसले ती त्यासाठीच. बाबा म्हणाले, कितें गो बाय, न्हीद येना? आणि मी डासांचं काहीतरी सांगून आत गेले. घरी आपण कोंकणी बोलतो आणि कागदावर मात्र मराठीच लिहितो, बाबांची हॉस्टेलवर आलेली सगळी पत्रं मराठीत होती, म्हणून बहुतेक मला तोंडाने जमलं नाही ते इथं जमेल असं वाटलं.

मी तिरुपूरची टी-शर्टच्या कारखान्यातली नोकरी सोडतेय. उद्या तिथंच चाललेय, तेवढं खरं आहे, पण फक्त काम हँडओव्हर करायला. १६ तारखेला व्हिएतनामला जायचंय, हो ची मिन्ह सिटीला, दोन वर्षांसाठी. सही झालीय, व्हिसा झालाय, तिकीटही आलंय. तुम्हाला न विचारता केलं हे मला माहितीय, आणि विचारलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असतात हेही माहितीय, पण त्या जा म्हणण्यानंतर आईचा चेहरा बघायची हिंमत नव्हती.

चवथीच्या दिवशी माझा फोन थांबत नव्हता ते आठवतंय ना? फळापानांच्या माटोळीखाली बाबा पूजेला बसलेले, भटजी थांबून माझ्याकडे बघतायत, आणि मी आत-बाहेर करतेय. तुम्ही मला त्या दिवशी बोललात आणि मी उलट उत्तर दिलं. २७ ऑगस्ट होता तो. अमेरिकेने आपल्या देशाच्या मालावर आधी ७ ऑगस्टपासून २५ टक्के जादा कर लावलेलाच होता, वरचे २५ त्या दिवशी लागले, आणि त्यांच्याकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ. ज्या मिनिटाला आपल्याकडे आरती चालली होती त्या मिनिटाला आमच्या मालाची किंमत तिकडे बदलली. आधीच जहाजावर चढलेल्या मालाला सूट होती पण तो १७ सप्टेंबरच्या आत तिथं उतरायला हवा होता, आणि आमचे तीन कंटेनर कुठं आहेत तेच मी विचारत होते. देवासमोर असं नको होतं करायला, बाबा. माफ करा.

आता तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला हिशोबच सांगते. साधा कॉटनचा विणलेला टी-शर्ट अमेरिकेत उतरला की त्यावर साडेसोळा टक्के ड्युटी ही पहिल्यापासून आहेच, आपल्याला तशीच व्हिएतनाम-बांगलादेशालाही. पोलिएस्टरचा असेल तर ३२. त्यावर आपले ५०, म्हणजे कॉटनला साडेसहासष्ट. पाच डॉलरच्या टी-शर्टवर सव्वातीन डॉलरच्या वर नुसता कर. तोच टी-शर्ट व्हिएतनाममध्ये किंवा बांगलादेशात शिवला तर वरचे फक्त २०, कर दोन डॉलरच्या आत. आमचा सगळा नफाच टी-शर्टमागे काही सेंटचा असतो, तर हा दीड डॉलर कुठून आणायचा? बायरने आधी अर्धा भार तुम्ही घ्या म्हटलं, मालकांनी घेतलाही, मग स्प्रिंगच्या ऑर्डरी आल्याच नाहीत. आमच्या मजल्यावरच्या शिलाईच्या दोन लाइन बंद आहेत. ओडिशाच्या मुली दिवाळीला गावी गेल्या आणि त्यांना परत या असा फोन मी केलेला नाही, कारण काय सांगून बोलवू.

बाबा म्हणतील ब्रिटनशी व्यापाराचा करार झालाय की. झालाय, २४ जुलैला सह्या झाल्या, पण अजून लागू झालेला नाही, आणि आमच्या लाइनी अमेरिकेच्या मापाने, अमेरिकेच्या बायरसाठी बसवलेल्या, एका रात्रीत लंडनचं काम येत नाही. येईल ते. तोवर पगार कोण देणार?

आणि खरं सांगू, मला सारखा मुंबईचा मामा डोळ्यांसमोर येतो. आई, तुझा भाऊ आहे, रागावू नकोस. त्याच्याकडे जाडजूड फाइल असायची, मी लहानपणी तिला हात लावला म्हणून मामी ओरडली होती, त्यात कोट्याचे कागद होते हे मला या धंद्यात आल्यावर कळलं. १९७४ पासून श्रीमंत देशांनी आपल्यासारख्या देशांना बांधून दिलं होतं, तुझे शर्ट इतके, पँटी इतक्या, त्यावर एकही नको. आणि ज्याने गेल्या वर्षी माल पाठवला त्याला यंदा त्या प्रमाणात कोटा, म्हणजे कोटा हीच एक मालमत्ता झाली, विकता यायची. मामाने आधी शर्ट शिवले आणि मग हळूहळू शिवणं कमी करून कोटाच दुसऱ्याला द्यायला लागला, त्यात कमी कटकट होती. मशिनं तीच, जुनी. १९९५ मध्येच ठरलेलं होतं की दहा वर्षांत हे सगळं जाणार, सगळ्यांना तारीख माहीत होती. १ जानेवारी २००५ ला कोटा गेला आणि मामाची फाइल रद्दी झाली. त्याच वर्षी युरोपने चिनी मालावर परत मर्यादा घातल्या, स्वेटर आणि पँटी बंदरांत अडकून पडल्या, आणि मामा त्या बातमीवर दोन वर्षं बसून राहिला की बघ, कोटा परत येणार. तेव्हा आपण त्याच्याकडे गेलो होतो, तो मला म्हणाला होता की बाय, सगळं पूर्ववत होईल. त्याचं ते वाक्य मला सप्टेंबरपासून ऑफिसात रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतंय. होईलही पूर्ववत, कर कमीही होईल, पण मी चाळीस वर्षांची आहे आणि मला नुसतं वाट बघत बसायचं नाहीये.

आजोंचंही तेच नव्हतं का? पोर्तुगिजांच्या वेळेला बाहेरचं नायलॉन आपल्या दुकानात यायचं, सावंतवाडीचे लोक ते अंगावर गुंडाळून न्यायचे म्हणून आजो सांगायचे, आणि एकसष्टच्या डिसेंबरनंतर ते बंद. आजो महिन्याभरात मुंबईला गेले आणि मिलच्या पॉपलिनचे तागे घेऊन आले. तुम्ही ही गोष्ट मला शंभर वेळा सांगितलीत बाबा, दरवेळी अभिमानाने. मग माझ्या वेळेला तोंड पाडू नका.

तिथलं काम काय ते सांगते म्हणजे आईला धीर येईल. कारखान्यात उभं राहायचं नाहीये, ऑफिस आहे. व्हिएतनामला २० टक्के असले तरी दुसऱ्या देशाचा माल नुसता तिथून फिरवून पाठवला तर ४० लागतात, म्हणून सूत कुठून आलं, कापड कुठं विणलं, कुठं रंगवलं, याचे कागद जुळवून बघायचे. म्हणजे तुम्ही बिलबुक तपासायचात तेच, फक्त मोठं. खोली ऑफिसपासून चालत दहा मिनिटं, लिफ्ट आहे, खालीच औषधांचं दुकान आहे, आमच्याकडची एक तमिळ मुलगी आधीपासून तिथं राहते आणि आम्ही एकत्रच स्वयंपाक करणार. भात, मासे, नारळ सगळं आहे, आणि ते लोक सकाळी चक्क पेज खातात, आपल्यासारखीच, चाव म्हणतात तिला. मिठातली कैरी, आपली तोर, मात्र मिळणार नाही म्हणून मी तुझ्या बरणीतून अर्धी काढून घेतलीय, बघशील तेव्हा कळेलच. तिकडचं घड्याळ दीड तास पुढं आहे, त्यामुळं तुमचं जेवण उरकेपर्यंत मी झोपायच्या बेतात असेन. आठला व्हिडिओ कॉल, साडेआठला नाही.

एक मनात अडकलेलं आहे ते लिहूनच टाकते. २०२२ च्या मे महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी आले नाही. तेव्हा कापसाची खंडी लाखाच्या वर गेली होती. आमच्या मिली दर महिन्याच्या एक तारखेला सुताचा भाव काढतात, आणि ऑर्डरी आम्ही पाच महिने आधीच्या भावाने घेऊन बसलेलो, प्रत्येक पीसमागे तोटा, मालक रात्री अकराला मीटिंग लावायचे. मी आईला फोनवर सांगितलं खूप अर्जंट आहे गं. अर्जंट होतंच. पण आता तेव्हाच्या एकाही ऑर्डरचा नंबर मला आठवत नाही, आणि डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले बाबा, आईने पाठवलेल्या फोटोतले, ते मात्र आठवतात. यावेळी तसं होणार नाही. मुंबईहून थेट विमान आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये मी लिहून घेतलंय की घरी आजारपण असेल तर सुट्टी मिळालीच पाहिजे, पगार कापा हवा तर.

आणि त्या दिवशी जेवताना कापसावरून मी बाबांवर आवाज चढवला त्याचंही वाईट वाटतंय. सरकारने बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी १९ ऑगस्टपासून काढली, आता ३१ डिसेंबरपर्यंत नाहीये, आणि तुम्ही म्हणालात म्हणजे तुमचं सूत स्वस्त व्हावं म्हणून विदर्भातला शेतकरी मारायचा. मी म्हटलं तुम्हाला काय कळतं. तुम्हालाच कळतं. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० आहे, पण बाजारात बाहेरचा स्वस्त कापूस आला की व्यापारी तेवढा देत नाही आणि सरकारी खरेदीपर्यंत सगळे पोचत नाहीत. मला सूत स्वस्त हवंय, तुमचं म्हणणंही खरं आहे, आणि ही दोन्ही वाक्यं एकत्र बोलता येईनात म्हणून मी ओरडले.

आता सूचना, आणि या ऐकायच्याच. बाबा, पोटमाळ्यावर चढायचं नाही. तिथं उरलेले युनिफॉर्मचे तागे आहेत ते असू देत, कुणाला घाई नाही. आज तुळशीला ऊस आणि आवळ्याची डहाळी बांधताना तुम्ही स्टुलावर चढलात तेव्हा तुमचा डावा पाय हलत होता, मी बघितलं आणि आईनेही बघितलं, ती फक्त बोलली नाही. न्हाणीघरात स्टीलचा दांडा बसवायला माणूस बुधवारी येईल, पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. शुगरची तपासणी आझिलो हॉस्पिटलात महिन्याच्या पहिल्या सोमवारी, उपाशी पोटी, आणि पोदेराकडचे उंडे पाव दोनच, तिसरा आईने लपवायचा. आई, गुडघ्याचं तू कुणालाच सांगत नाहीस, मला माहितीय रात्री तू भिंत धरून चालतेस. बांबोळीच्या हॉस्पिटलात नाव घालून ठेवलंय, शेजारच्या आंटीचा मुलगा गाडीने नेईल, त्याच्याशी बोलणं झालंय. शुक्रवारच्या बाजारात जायला हरकत नाही पण पिशवी त्याच्याकडे द्यायची. योजनेचं कार्ड देव्हाऱ्याच्या खणात, पिवळ्या पाकिटात. इन्व्हर्टरचं पाणी मी भरलंय.

दुकानाबद्दल एवढंच की मी परत येऊन ते बघेन असं दहावीत असताना म्हटलं होतं, ते मी विसरलेली नाही. त्याचं काय करायचं ते दोन वर्षांनी तिघं बसून ठरवू, तोवर शटर आठवड्यातून एकदा उघडा, कसर लागू देऊ नका. मला दुपारी ताग्यांवर झोपवून तुम्ही गिऱ्हाईक करायचात, कापड फाडल्याचा टर्र आवाज आला की मी झोपेतच कूस बदलायचे, असं आई सांगते. मला तो आवाज अजून ऐकू येतो. तिरुपूरला कटिंग मशिनच्या गोंगाटातसुद्धा.

कपाटात खालच्या कप्प्यात निळा टी-शर्ट आहे, बाबांच्या मापाचा, बंद झालेल्या लाइनवर निघालेला शेवटचा. लेबल मी कापून टाकलंय. आतल्या शिवणीतून एक धागा काढा आणि मला शिकवलं होतंत तसा जाळून बघा, कागदासारखा जळून राख होते की वितळून काळा मणी धरतो की थोडं थोडं दोन्ही, आणि त्यात कापूस किती ते मला उद्या रात्री आठला फोनवर सांगा. काडी आईने पेटवायची, तुम्ही नाही.

तुमची,
बाय