विजेतेपदाविना थोर ठरलेला चालक

महोदय,

अमेरिकेतील नॅसकार या मोटारशर्यतींविषयी लिहिताना चालकाची कारकीर्द केवळ विजेतेपदांच्या संख्येवर तोलली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट आणि जिमी जॉन्सन यांनी संपूर्ण हंगामाची प्रत्येकी ७ विजेतेपदे पटकावली. त्यांच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु मार्क मार्टिन यांनी मुख्य मालिकेत ४० शर्यती जिंकल्या, ५ वेळा हंगामात दुसरा क्रमांक मिळवला, तरीही विजेतेपदाने त्यांना हुलकावणीच दिली. १९९० मध्ये रिचमंडची शर्यत जिंकल्यानंतर कार्ब्युरेटरखालचा (इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाखालचा) स्पेसर हा तुकडा नियमात बसत नसल्याच्या कारणावरून त्यांचे ४६ गुण कापले गेले आणि हंगामाअखेरीस ते अर्नहार्ट यांच्यापेक्षा अवघ्या २६ गुणांनी मागे राहिले. असा भाग बसवणे हे चालकाचे काम नव्हे, पण दंड मात्र त्याच्या खात्यावर पडतो. जॉन्सन यांच्या सातही विजेतेपदांच्या वेळी चॅड नॉस हेच क्रू चीफ, म्हणजे गाडीची तयारी पाहणाऱ्या तांत्रिक पथकाचे प्रमुख, होते, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. मार्टिन यांनी पन्नाशीत, २००९ च्या हंगामात, ५ शर्यती जिंकून पुन्हा दुसरे स्थान मिळवले. माझ्या मते इतकी दीर्घ सातत्यपूर्ण कामगिरी एखाद्या विजेतेपदाहून तसूभरही कमी नाही. आपल्या क्रीडा पानावर अशा चालकांनाही जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक