बाबांच्या त्या वाक्याला म्युन्स्टरच्या बिशपांचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

आधी निर्णय सांगून टाकते, म्हणजे आई पुढचं पत्र शांतपणे वाचेल. इथल्या, जर्मनीतल्या म्युन्स्टरमधल्या, नोकरीचा करार मी वाढवून घेतला आहे आणि बाबांसाठी दिवसा मावशी, रात्री मामा अशी दोन माणसं कायमची ठरवली आहेत. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला आगाऊ पैसे गेलेत, तेव्हा बाबा, ‘नको’ म्हणायची वेळ टळली. दादाला बोल लावू नका, त्याला मी सगळं ठरल्यावरच कळवलं.

परत यावंसं वाटत नाही असं नाही. पण इथल्या पगारात दोन माणसांचा खर्च निघतो. तिथल्या पगारात जेमतेम एकाचा निघाला असता आणि रात्री आईच उठली असती. आई, तुझ्या गुडघ्यांवर बाबांना कुशीवर वळवायचं काम टाकून मी घरात असल्याचं समाधान मिरवायचं, हे मला पटेना. हिशेब कोरडा वाटेल. आजीच्या वेळी आपण तो केला नाही आणि काय झालं ते तिघांनाही ठाऊक आहे.

आता बाबांचं ते वाक्य. “माझा आता काय उपयोग? खाटेवर पडून नुसता खर्च.” फोनवर मी गप्प बसले, कारण याचं उत्तर लांबलचक आहे आणि ते याच शहरात १९४१ साली एका बिशपांनी देऊन ठेवलं आहे.

क्लेमेन्स आऊगुस्ट फॉन गालेन. दोन मीटरहून उंच, उमराव घराण्यातले, १९३३ पासून म्युन्स्टरचे बिशप. ‘ना स्तुतीने, ना भीतीने’ हे त्यांचं ब्रीद. त्या वेळी जर्मनीत वेडाचे, फिटचे, मतिमंद आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले रुग्ण याद्या करून इस्पितळांतून हलवले जात होते. बस यायची, काही आठवड्यांनी घरच्यांना पत्र जायचं की रुग्ण अमुक आजाराने वारला, दहन झालं आहे, राख हवी असल्यास कळवा. सरकारच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे ऑगस्ट १९४१ पर्यंत अशा ७०,२७३ माणसांना विषारी वायूने मारण्यात आलं. कुजबूज सगळीकडे होती. निषेधाची पत्रंही काहींनी सरकारला गुपचूप लिहिली होती.

३ ऑगस्ट १९४१ च्या रविवारी फॉन गालेन सेंट लाम्बेर्टी चर्चच्या प्रवचनपीठावर चढले. बिशप होण्याआधी ते याच चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळे समोर ओळखीची माणसं. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं वाचन, येशू यरुशलेमसाठी रडला ते होतं. जर्मन दंडविधानाच्या कलम १३९ प्रमाणे, कुणाच्या जिवावर बेतणारा गुन्हा होणार हे कळल्यास तो कळवणं नागरिकाचं कर्तव्य आहे, आणि म्हणून २८ जुलैला आपण सरकारी वकिलांकडे व पोलीसप्रमुखांकडे रीतसर तक्रार केली आहे, हे त्यांनी भर चर्चमध्ये सांगितलं. जवळच्या मारीएनथाल इस्पितळातून रुग्ण नेले जाणार होते, तेही नाव घेऊन सांगितलं. हे मला फार आवडतं, बाबा. नुसतं गरजणं नाही. कलम, तारीख, इस्पितळ, सगळं जागच्या जागी. तुम्ही ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचात तसंच.

मग आला तुमचा मुद्दा. जुनं यंत्र चालेनासं झालं की मोडीत काढतात, घोडा लंगडा झाला की मारतात, गाय आटली की खाटकाकडे जाते. माणूस काय यंत्र आहे, की घोडा, की गाय? जो उत्पन्न देत नाही त्याला मारता येतं हे एकदा मान्य केलं, तर उद्या हातपाय गमावून आघाडीवरून परतलेला सैनिक आणि म्हातारे झालेले आपण सगळेच त्या यादीत, असं त्यांनी लोकांना बजावलं. शेतकरी मुलखातले श्रोते, त्यांना गाय चटकन कळली.

यात त्यांनी नवं काही सांगितलं नाही. ‘खून करू नको’ ही पाचवी आज्ञा सांगितली, जी तुम्ही मला पहिल्या कम्युनियनच्या आधी ओट्यावर बसवून पाठ करून घेतली. बिशपांचं मोठेपण मला यातच दिसतं. शिकवण त्यांची स्वतःची नसतेच, ती त्यांच्या हाती सोपवलेली असते. काळ कठीण आहे म्हणून तिची धार कमी करायची नाही आणि टाळ्या पडाव्यात म्हणून तिच्यात भरही घालायची नाही, एवढंच त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. लाम्बेर्टीच्या त्या प्रवचनपीठावरून ते किती अवघड होतं, याचा अंदाज पुढच्या घटनांवरून येतो.

प्रवचन टंकलेखन करून हातोहात देशभर गेलं, ब्रिटिश विमानांनी त्याची पत्रकं टाकली. नाझी पक्षाचा कारभार पाहणारा बोरमान त्यांना फासावर चढवायला निघाला होता. प्रचारमंत्री गोबेल्सला भीती की मग युद्धकाळात हा सगळा प्रदेश हातचा जाईल. हिशेब युद्धानंतर करू असं ठरलं. २४ ऑगस्टला हिटलरने ही मोहीम थांबवली. बिशपांना हात लागला नाही, पण किंमत इतरांनी मोजली: त्यांच्या धर्मप्रांतातले ३७ धर्मगुरू छळछावणीत गेले, त्यातले १० परत आले नाहीत. ल्युबेक गावात ही प्रवचनं वाटणारे तीन कॅथलिक धर्मगुरू आणि एक प्रोटेस्टंट पाळक यांचा १० नोव्हेंबर १९४३ ला हाम्बुर्गच्या तुरुंगात शिरच्छेद झाला.

बाबा, तुम्ही लगेच विचाराल, मग ज्यूंचं काय? त्यांच्यासाठी फॉन गालेन असे जाहीरपणे उभे राहिले नाहीत, हे खरं आहे आणि ते लपवून त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. रुग्णांच्या हत्याही पुरत्या थांबल्या नाहीत. पुढे उपासमार आणि औषधांचे डोस यांनी १९४५ पर्यंत गुपचूप चालू राहिल्या. तरीही त्या रविवारी उघड बोललेला बिशप तोच. १९४६ च्या फेब्रुवारीत ते कार्डिनल झाले, पुढच्याच महिन्यात वारले, आणि २००५ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित झाले. त्यांच्या कबरीपाशी कॅथेड्रलमध्ये मी तुमच्या नावाने मेणबत्ती लावते. आई, महागडी नाही, काळजी करू नकोस.

पण याच शिकवणीचा दुसरा अर्धा भाग माणसं विसरतात, म्हणून तुमच्या त्या कागदाबद्दल, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या लिव्हिंग विलबद्दल, लिहिते. मारायचं नाही, याचा अर्थ काहीही करून जगवत ठेवायचं असा नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांना हेच सांगितलं, रोमने १९८० च्या घोषणापत्रात पुन्हा स्पष्ट केलं, आणि विश्वासू बिशप दोन्ही भाग एकत्र सांगतात. मरण जवळ असताना उपचाराचा जाच फायद्यापेक्षा जास्त असेल, तर तो नाकारता येतो. वेदना शमवायला औषध घेता येतं, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी, हेतू मात्र मारण्याचा नसावा. सोडायची नाही ती रोजची सेवा: अन्न, पाणी, स्वच्छता, कूस बदलणं. नळीने दिलेलं अन्नपाणीही, शरीर ते घेऊ शकतं तोवर, यातच मोडतं.

म्हणून तुमच्या लिव्हिंग विलला माझा विरोध नाही, त्यातल्या एका ओळीला आहे. ‘अन्नपाणी बंद करावे’ ही ओळ काढा. त्याऐवजी लिहा: ‘मृत्यू अटळ व जवळ असताना केवळ तो लांबवणारे व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, वेदनाशामक औषध, अन्नपाणी व शुश्रूषा चालू ठेवावी, धर्मगुरूंना बोलवावे.’ सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा, २०२३ मध्ये तो सोपा झाला: दोन सज्ञान साक्षीदार, शक्यतो घरचे नसलेले, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. तुमच्या वतीने निर्णय घेणारे म्हणून एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. आई आणि दादा घाला. मी लांब आहे, रात्री दोन वाजता फोन नाही लागला तर पंचाईत. एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे द्या. कपाटात कुलूपबंद ठेवलात तर ऐन वेळी कुणाला सापडणार नाही.

आई, आता तू ऐक. मावशी-मामांना हे दाखवून दे आणि ते करतात का ते बघ. हवेची गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीमागे उशी लावून थोडंसंच कलतं ठेवायचं, पूर्ण आडवं नाही, नाहीतर सगळा भार कमरेच्या हाडावर येतो. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहा. पांढरा पडला नाही तर ती जखमेची सुरुवात. तिथे चोळायचं नाही, त्या कुशीवर निजवायचं नाही आणि मला फोटो पाठवायचा. लुळ्या डाव्या हाताला धरून कधीही ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो. पेज, मऊ भात, वरण चालेल, पण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान चमच्याने, उजव्या गालात. घास डाव्या गालात साठून राहतो, बोट फिरवून बघ. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नकोस. पाण्यापेक्षा दाट पेज गिळायला सोपी. गिळल्यावर आवाज ओला, घोगरा आला तर थांब. आणि सुकेळी (सुकवलेली केळी) नाही म्हणजे नाही. बाबा लहान तोंड करून मागतील. मला सुकेळी लपवून खायला त्यांनीच शिकवलंय, त्यांच्या त्या चेहऱ्याला भुलू नकोस.

फादरांना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन यायला सांग. फादर प्रार्थना करून आजाऱ्याला लावतात ते तेलही लावून घ्या. ‘तेल लावलं म्हणजे संपलं’ असं मावशी म्हणेल, तिचं ऐकू नकोस. ते आजाऱ्यासाठी आहे, दुखणं बळावलं तर पुन्हा घेता येतं.

बाबा, तुम्ही खर्च नाही. मसुदा नोटरीकडे नेण्याआधी मला व्हॉट्सअपवर पाठवा. सही करताना चष्मा लावा, गेल्या वेळी न वाचता केली होतीत.

तुमची धाकटी