आजीची ट्रंक माझ्याकडे आहे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

माळ्यावरची आजीची ट्रंक मी आणली आहे आणि ती एवढ्यात परत येणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि बाबा दोन दिवस गप्प बसले असते, म्हणून लिहून कळवते. पळवून नेली असं मनात आणू नका. माळा उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि फोटोंना दोन्ही बाधतं. कागदांना कसर लागलीच होती. शिवाय तुमचे गुडघे आता स्टुलावर चढायचे राहिलेले नाहीत. रागवू नका, पण नाहीत.

शिलाई मशीन मात्र खिडकीपाशीच राहील. बाबांची पेपर वाचायची जागा, आईचा दुपारचा कोपरा, कशालाच धक्का नाही. फक्त मशीनला खायचं तेल घालू नका. ते कालांतराने चिकट होतं आणि चाक जड फिरतं. मशीनचंच पातळ तेल, प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब. मग चाक हाताने आपल्याकडे फिरवायचं आणि जास्तीचं तेल चिंधीवर शिलाई मारून टिपून घ्यायचं. चाक फिरवणारी चामड्याची वादी सैल झाली असेल तर थोडी कापून पुन्हा तारेने जोडता येते. नवी आणू नका, ती आजीच्या पायांनी फिरलेली आहे.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो आधी सोडवायचे आहेत. तो गोंद पिवळा पडून कडक होतो. नखाने उचकटलं की फोटो दुमडतो, म्हणून दात साफ करायचा दोरा कोपऱ्यातून आत सारून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन. साधे फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके), पासपोर्टएवढे १२०० वर. तुमच्या खोलीतला आजीचा फोटो काचेला चिकटलाय, तो बाबा, कृपा करून सोडवायला जाऊ नका. फोटोचा वरचा थर काचेलाच राहील आणि चेहरा जाईल.

तिच्या आवाजाची कॅसेट एकच, म्हणून अजून वाजवलेली नाही. चुकून पुसली जाऊ नये म्हणून आधी कॅसेटच्या कडेच्या छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडायच्या. मग एकदा शेवटपर्यंत फिरवून परत आणायची, म्हणजे एकमेकांना धरलेले वेढे सैल होतात. फीत दाबून धरणारी आतली छोटी गादी गळली असेल तर आवाज दबका येतो. तसं झालं तर फीत दुसऱ्या डबीत घालून घेईन.

आई, मला ताप आला की तू गुंडाळायचीस ती शाल तळाशी सापडली. घड्यांवर विरलीय, पण वास अजून तोच आहे. आता घडी न घालता धुतलेल्या सुती कापडाबरोबर गुंडाळून ठेवलीय. काळजी करू नकोस.

एवढं सगळं असूनही ट्रंकेत आजी अर्धीच आहे. काम करताना तिचा एकही फोटो नाही. प्रत्येक फोटोत हात पुसून, मांडीवर ठेवून, नीट बसलेली. कष्टाचं सगळं आयुष्य फोटोंच्या बाहेर राहिलं. ते तुम्हीच सांगायचं आहे, फोनवर रेकॉर्ड करून.

बाबा, "ती फार कष्टाळू होती" एवढ्यावर सुटका नाही. पहाटे उठल्यावर आधी कशाला हात घालायची, कापड बेतताना खडू कसा धरायची, कुणाचे पैसे बाकी आहेत हे न लिहिता कसं लक्षात ठेवायची, काकांना कुठल्या शब्दांत झापायची, हे हवंय. साल आठवलं नाही तर "धाकट्या आत्याच्या जन्माआधी" एवढंही पुरे. आई, तुमच्या दोघींच्या त्या अबोल्याबद्दलही सांग. तुला वाटलं तरच, आणि वाटेल तेवढंच. तुझी परवानगी नसेल ते कुणालाही ऐकवणार नाही.

एकत्र बसू नका. आई, बाबा तुझी वाक्यं पूर्ण करतात. पंखा बंद, फोन विमान मोडवर आणि घडी केलेल्या टॉवेलवर, म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलू नका, बाबांचा घसा बसतो. मध्ये कोमट पाणी प्या. सगळ्याच्या प्रती तुमच्याकडे आणि आत्याकडेही देईन.

पहिलं रेकॉर्डिंग रविवारी पाठवा. आईचं आधी.

तुमची,
चिमी