प्रत्येक वेळी ‘हृदयविकाराचा झटका’च का?

महोदय,

ऐन विशीतला खेळाडू मैदानावर कोसळून गेला की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते : ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’. सोबत हसरा फोटो आणि सामन्याआधी मान खाली घालून उभे राहिलेले सहकारी. हा शोक खरा असतो, त्याबद्दल काही म्हणायचे नाही. पण ‘झटका’ हा शब्द पुढे फार नुकसान करतो.

झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणे. पस्तिशी ओलांडलेल्यांचे खेळताना होणारे मृत्यू मुख्यतः याच कारणाने होतात. त्याआधीच्या वयात बहुधा वेगळेच घडते. हृदयाची विद्युतलय एकाएकी बिघडते, स्नायू आकुंचन पावायचे सोडून नुसता थरथरत राहतो आणि काही सेकंदांत मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. ही हृदयक्रिया बंद पडणे. मुळाशी कधी जन्मजात दोषाने जाड होत गेलेला स्नायू असतो, कधी भलत्याच जागेतून निघालेली रक्तवाहिनी, कधी ‘लाँग क्यूटी’सारखा निव्वळ विद्युतदोष, तर कधी विषाणूसंसर्गानंतर स्नायूला आलेली सूज. २६ जून २००३ रोजी लियाँच्या मैदानावर कोसळलेला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो अवघा २८ वर्षांचा होता. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला.

आता ‘झटका’ म्हटल्यावर घरात काय होते ते पाहा. कारण कळले, असे सगळे धरून चालतात. बाहेर सरावाचा ताण, प्रोटीन पावडर, जागरणे यांची चर्चा सुरू होते आणि तेवढ्यात अंत्यसंस्कार उरकतात. शवविच्छेदनाला आईवडील नको म्हणतात. त्या घटकेला दुसरे काय सुचणार! पण यांतले अनेक दोष आनुवंशिक आहेत. स्नायू जाड होण्याच्या विकारात सदोष जनुक आईकडून किंवा वडिलांकडून आले असेल, तर प्रत्येक भावंडात ते असण्याची शक्यता निम्मी असते. धाकटी बहीण त्याच मैदानावर धावत असते. म्हणून घरच्यांजवळ बसलेल्यांपैकी जो शांत असेल त्याने ही गोष्ट हळुवारपणे, पण त्याच दिवशी सांगायला हवी.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना दोन विनंत्या कराव्यात. हृदयाची तपासणी हृदयविकृतीच्या तज्ज्ञाकडून व्हावी आणि जनुकचाचणीसाठी ईडीटीए नळीत (जिच्यात रक्त गोठत नाही) थोडे रक्त काढून थंड जागी जपावे. विद्युतदोषात हृदय डोळ्यांना व सूक्ष्मदर्शकालाही अगदी निरोगी दिसते. अहवालात ‘मृत्यूचे कारण स्पष्ट नाही’ असे आले, तर फाइल मिटू नका. अशा वेळी संशय विद्युतदोषावरच जातो आणि ते जपलेले रक्त कामी येते.

आईवडील व भावंडांनी हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल चाचणी आणि २४ तासांचे होल्टर (अंगावर यंत्र लावून सलग घेतलेला ईसीजी) करून घ्यावे. तोवर भावंडांचे स्पर्धात्मक खेळ बंद. एक इको ‘नॉर्मल’ आला म्हणून वाढत्या वयाचे मूल सुटले असे होत नाही. स्नायूचा जाडपणा पौगंडावस्थेतही उमटतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी तपासणी पुन्हा लागते. डॉक्टरांना घरातली जुनी माहितीही हवी असते. धावता धावता कोणी बेशुद्ध पडले होते का? गजराच्या कर्कश आवाजाने कोणाला घेरी आली होती का? चांगला पोहणारा कोणी विनाकारण बुडाला का? फिट म्हणून कोणावर वर्षानुवर्षे उपचार चालले आहेत का? पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेले का? आजी-आजोबांच्या आठवणीत अशा गोष्टी हमखास असतात, फक्त कोणी विचारलेले नसते.

मैदानावरही हाच शब्द घात करतो. झटका म्हणजे छातीत कळ, घाम, मग दवाखाना, हे चित्र मनात असल्याने माणसे खेळाडूला उचलून गाडीत घालू पाहतात. कोणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि हाकेला ओ देत नसेल, तर हृदय थांबले असेच धरावे. सुरुवातीला हातपाय झटकतात, त्याला फिट समजले जाते. मधूनच आचके दिल्यासारखा श्वास येतो, त्याला ‘श्वास चालू आहे’ म्हटले जाते. या दोन गैरसमजांत मोलाची मिनिटे जातात. सीपीआर, म्हणजे छातीवर हातांनी दाब देऊन रक्त फिरते ठेवणे, सुरू नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने एईडी (छातीवर पॅड चिकटवून विजेचा शॉक देणारे यंत्र) आणायला पळावे, तिसऱ्याने तिथेच छातीच्या मध्यावर दाब द्यायला लागावे : मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि दमणाऱ्याला ते कळत नाही. घामेजलेली छाती पुसल्याशिवाय पॅड चिकटत नाहीत, म्हणून पेटीत टॉवेल हवाच. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरे डाव्या काखेखाली बरगड्यांवर. शॉक दिल्यावर नाडी शोधत बसू नये, लगेच पुन्हा दाब सुरू करावा. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन याचे हृदय सामना सुरू असताना थांबले. तातडीचा सीपीआर आणि एका शॉकने ते पुन्हा सुरू झाले आणि पुढल्या फेब्रुवारीत तो व्यावसायिक सामन्यात उतरला.

एईडी विकत घेऊन कार्यालयाच्या कुलपात ठेवणे मात्र निरर्थक आहे. धावत जाऊन परत यायला तीन मिनिटांहून जास्त लागू नयेत, अशा उघड्या जागी ते हवे. पॅडवरचे जेल वाळते, पाकिटावर मुदत छापलेली असते. बॅटरीही संपते. तयारीचा दिवा आठवड्यातून एकदा पाहण्याचे काम एका माणसाच्या नावावर असावे, ‘सगळ्यांच्या’ नव्हे.

ज्या सहकाऱ्याने छाती दाबली आणि तरी मित्र वाचला नाही, त्याचीही आठवण ठेवा. हाताखाली बरगडी कडकन मोडल्याचा आवाज त्याच्या कानात राहतो आणि आपणच काही बिघडवले असे त्याला वाटते. नीट दिलेल्या सीपीआरमध्ये बरगड्या मोडतात, हे त्याला प्रशिक्षकाने किंवा डॉक्टरने समोर बसवून सांगितले पाहिजे, त्याच आठवड्यात.

आपल्या दैनिकाला एकच विनंती. अशी बातमी देताना ‘खेळताना हृदयक्रिया अचानक बंद पडून मृत्यू, कारण शवविच्छेदनानंतर कळेल’ असे छापावे. आणि अहवाल आल्यावर, कुटुंबाची संमती असेल तर, कारणाचीही बातमी द्यावी, पहिली जिथे आली होती त्याच पानावर.

– क्रीडावैद्यक व प्रथमोपचार प्रशिक्षणात काम करणारे काही वाचक